विहिरीवरील विद्युत मोटारीसाठी तारेची निवड व जोडणी

विहिरीवर पंप बसविताना शेतकरी मोटार पुष्कळ चौकशी करून घेतो. तार मात्र सर्वांत शेवटी, हाती उरलेल्या पैशांत बसेल तशी विकत घेतली जाते. पुढे ऐन उन्हाळ्यात, उभ्या पिकास पाण्याची निकड असताना मोटार जळते आणि दोष मोटारीच्या माथी मारला जातो. वास्तविक पुष्कळ ठिकाणी दोष खांबापासून विहिरीपर्यंत ओढलेल्या बारीक तारेचा असतो.

अरुंद नळातून पाणी दूरवर न्यावयाचे झाल्यास घर्षणामुळे त्याचा दाब घटतो, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहे. विजेचेही तसेच आहे. तार जितकी बारीक व लांब, तितका तिचा रोध अधिक व मोटारीपर्यंत पोचणारा दाब कमी. म्हणून "पाच अश्वशक्तीला कोणती तार?" एवढाच प्रश्न दुकानात विचारणे अपुरे आहे. अंतर किती, हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

दुकानातील "अडीच एम. एम." ही तारेची जाडी नव्हे, ते तिच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर होय. अशा तांब्याच्या १०० मीटर तारेचा रोध सुमारे ०.७४ ओहम असतो. ४ चौरस मिलिमीटरचा ०.४६ व ६ चौरस मिलिमीटरचा ०.३१ ओहम भरतो. अ‍ॅल्युमिनियमची तार घेतल्यास एक पायरी जाड घ्यावी: अडीचच्या जागी ४, चारच्या जागी ६ व सहाच्या जागी १०.

आता एक उदाहरण घेऊ. ४१५ व्होल्टवर चालणारी पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेते. खांबापासून विहीर २०० मीटर आहे. अडीचची तांब्याची तार वापरल्यास एका तारेचा रोध १.४८ ओहम. प्रवाह, रोध व १.७३ यांचा गुणाकार केला की दाबातील घट निघते. ती येथे सुमारे २० व्होल्ट येते. ही घट ३ टक्क्यांच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या आत ठेवणे हितावह असते. ४ ची तार या मर्यादेच्या किंचित बाहेर जाते. ६ ची तार घेतल्यास घट ९ व्होल्टच्या आत राहते, म्हणून येथे तीच योग्य. पाणबुडी मोटार असल्यास बोअरमधील खोलीही अंतरात मिळवावी. हा भाग हमखास विसरला जातो.

वीस व्होल्ट म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. परंतु मोटारीचे फिरविण्याचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब ९० टक्के झाला की बळ ८१ टक्केच उरते. पंपाचा भार कायम असल्याने मोटार अधिक प्रवाह ओढते व तापते. त्यात गावोगाव ऑटो स्विच लावलेले असतात. वीज येताच सर्व मोटारी एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह घेते. आधीच खाली गेलेला दाब बारीक तार आणखी खाली नेते. ऑटो स्विच ठेवावयाचाच असेल तर शेजाऱ्यांनी आपापसांत ठरवून तो थोड्या थोड्या वेळाच्या अंतराने लावावा.

एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. त्यामुळे तारेत वाया जाणाऱ्या विजेची चिंता कशाला, असे काही शेतकरी म्हणतात. वीज मोफत असली तरी जळालेल्या मोटारीचे वायंडिंग पुन्हा भरण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी पडतो, आणि तेवढे दिवस पिकाची पाळी चुकते ती वेगळीच.

जोडणीविषयी थोडेसे. मोटार स्टारमध्ये जोडावयाची की डेल्टामध्ये, हे नामपट्टीवर असते. त्याविरुद्ध जोडणी करू नये. मोटार उलटी फिरत असल्यास वीज बंद करून तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. स्टार-डेल्टा स्टार्टरपासून मोटारीपर्यंत सहा तारा जातात. डेल्टामध्ये चालताना त्या प्रत्येकीतून मुख्य प्रवाहाच्या ५८ टक्केच प्रवाह वाहतो. म्हणून या तारांच्या मार्गात बसविलेला ओव्हरलोड रिले १४ अँपिअरच्या मोटारीस सुमारे ८ अँपिअरवर लावावा. स्टार्टरच्या अलीकडील तीन तारा मात्र पूर्ण प्रवाहाच्या हिशोबानेच घ्याव्यात.

सर्वाधिक घात सांध्यांत होतो. तांब्याची तार अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर नुसती पिळू नये. ओलाव्याने तो सांधा गंजतो, तापतो व अखेर एक फेज तुटते. उरलेल्या दोन तारांवर प्रवाह पावणेदोन पटीच्या जवळपास चढतो, आणि रिले बरोबर लावलेला नसेल तर मोटार जळते. अशा सांध्यास दोन्ही धातूंसाठी बनविलेला लग वापरावा व तो दाबून बसवावा. फ्यूजच्या जागी जाड तार घालणे तर सर्वथा वर्ज्य. मोटारीचा व स्टार्टरचा सांगाडा स्वतंत्र तारेने जमिनीशी जोडावा. विहिरीतील नळ पाण्यात आहे एवढ्यावर विसंबू नये. नळ प्लॅस्टिकचा असल्यास तर त्याचा मुळीच उपयोग नाही. ओल्या विहिरीच्या काठी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

जुन्या जोडणीची तपासणी सोपी आहे. पंप पूर्ण भारावर चालू असताना परवानाधारक वायरमनकडून खांबाजवळील मुख्य स्विचवर व विहिरीकडील टोकावर दाब मोजून घ्यावा. दोहोंतील फरक १२ व्होल्टहून अधिक निघाल्यास प्रथम सांधे तपासावेत. ते ठीक असतील तर तार बदलावी.