लूप गार होईपर्यंत थांब

चिमे,

परवा फोनवर किती खुशीत सांगत होतीस, "ताई, आमचा एक पेपर 'स्वयं' पोर्टलवर, ऑनलाइन आहे. घरबसल्या होतो, मस्त!" मी नुसतं "हं" म्हटलं. शेजारी आई बसली होती आणि मला जे सांगायचं होतं, ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. आता सांगते. तुझ्यापाशीच ठेव.

मी एफवायला होते, २०२०-२१चं कोरोनाचं साल. कॉलेजनं एक गूगल फॉर्म पाठवला : 'ऑनलाइन अध्यापनाबाबत आपण किती समाधानी आहात?' खाली पाच पर्याय. मी बेधडक 'अतिशय समाधानी'वर खूण केली. कुठे बसून, माहितीय? गोधडीत. मायक्रोबायोलॉजीचं लेक्चर चालू होतं, कॅमेरा बंद, माइक बंद.

बरं, ते खोटंही नव्हतं गं. सकाळी सहाची एसटी पकडायची नाही, पासाचे पैसे नाहीत, परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची, मार्क भरघोस. प्रॅक्टिकलला पंचवीसपैकी चोवीस! पप्पांनी पेढे आणले होते, त्यातले तीन तूच खाल्लेस. समाधानी नसायला मला झालं काय होतं?

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं मात्र 'असमाधानी'वर खूण केली. तिच्या वाडीत रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर. आपल्याकडे निदान घरात फोन चालायचा, जरी सकाळी तुझी आठवीची शाळा आणि दुपारी माझं कॉलेज अशी त्याची वाटणी होती तरी. तिच्यासारख्या कमी नव्हत्या. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच सगळी विद्यापीठं फोनमध्ये येऊन बसली. ती टाकीवर छत्री धरून अर्धं लेक्चर ऐकायची आणि उरलेलं संध्याकाळी मला विचारायची. मी वैतागायचे. पण सांगायचे.

मग २० ऑक्टोबर २०२१ला, दोन डोस झालेल्यांसाठी, कॉलेज उघडलं. आम्ही एसवायला. मॅडमनी हातात निक्रोमचा लूप, म्हणजे टोकाला कडं असलेली तार, दिला आणि म्हणाल्या, "चला, स्ट्रीकिंग करा. गेल्या वर्षी झालंय तुमचं." झालं होतंच की, चोवीस मार्कांचं! बर्नरवर लूप लालभडक केला, जिवाणूंच्या कल्चरमध्ये बुडवला, चर्र असा आवाज आला, आणि प्लेटमधल्या अगरवर रेघा ओढल्या. ओढल्या कसल्या, नांगरलं मी ते अगर.

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून प्लेटा निघाल्या. इतरांच्या प्लेटांवर थोड्याफार तरी वसाहती उगवल्या होत्या. माझी कोरी. मॅडमनी एवढंच विचारलं, "लूप गार होऊ दिला होतास?"

चिमे, मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. त्यात लाल लूप दिसायचा आणि लगेच पुढच्या दृश्यात रेघा. मधलं थांबणं कापलेलं होतं. आणि जे काही उरलं होतं, तेही मी दुप्पट वेगानं पाहिलं होतं. गरम लूपनं माझे जिवाणू प्लेटवर पोचायच्या आधीच मेले.

समाधान वाटणं आणि शिकणं, या दोन गोष्टी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नाहीत, हे मला तिथं कळलं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही हेच सांगतो. छान व्याख्यान ऐकणाऱ्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. पण चाचणीत पुढे निघाली ती स्वतः धडपडत गणितं सोडवणारी मुलं, आणि त्यांना वाटत होतं, आपण कमी शिकलो.

म्हणून मी ऑनलाइनला नावं ठेवतेय असं समजू नकोस. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं आणि घर-नोकरी सांभाळणाऱ्यांना घरबसल्या शिकवतंय. आमच्या वेळी जे झालं ती आणीबाणी होती. शिकवणाऱ्यांचीही तारांबळ होती, त्यांना दोष देत नाही. तुझ्यावर तशी वेळ नाही, म्हणून तर सांगतेय.

पहिली गोष्ट, व्हिडिओ दुप्पट वेगानं पाहू नकोस. दर दहा मिनिटांनी थांबव, वही उघड, न बघता दोन ओळी लिही. येत नाहीत ना? मग मागे जा. दुसरी, स्वयंच्या कोर्सला चार भाग असतात : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका-चर्चा. त्या चौथ्या भागात आठवड्याला एक तरी शंका टाक. खुळचट वाटली तरी टाक. आपण गैरहजर आहोत हे कुणाच्याच लक्षात येत नसेल, तर आपण हळूहळू खरंच गैरहजर होतो. माझं झालं होतं. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एक मैत्रीण धर, जिला तुला रोज काहीतरी समजावून सांगावं लागेल. एफवायचं मला आज जे काही आठवतं ना, ते तेवढंच आहे, जे मी त्या टाकीवरच्या पोरीला वैतागत वैतागत सांगितलं होतं. तिचे हाल झाले, त्याचं कौतुक नको. पण तिची ती खूण माझ्या खुणेपेक्षा प्रामाणिक होती.

आणि हो, पुढच्या खेपेला मी लूप लाल करून हवेत धरला आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले. त्या वीस आकड्यांत काहीच घडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्लेटच्या कडेला तीन वसाहती होत्या, सुट्ट्या, मोहरीएवढ्या.

तुमच्याकडेही फॉर्म येईलच. खूण करायच्या आधी मला फोन कर आणि या आठवड्यात काय शिकलीस ते वही मिटून सांग. रविवारी, आई देवळात गेली की.

तुझी ताई