मालुवा वेल आणि परसातील छाटणी

परसातील मधुमालती शेजारच्या आंब्यावर चढू लागली की आपल्याला प्रथम शोभाच वाटते. मज्झिम निकायाच्या ४५ व्या, चूळधम्मसमादान सुत्तात भगवंतांनी या भुलीचीच उपमा दिली आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस मालुवा वेलीचे बी शालवृक्षाच्या बुंध्याशी पडते. वृक्षदेवता घाबरते. मोर गिळेल, हरीण खाईल, वाळवी फस्त करील, असे सांगून आप्तमित्र धीर देतात. (आमच्या मते बियापेक्षा या धीर देणाऱ्यांचाच दोष अधिक!) तसे काहीच घडत नाही. पावसाने बी रुजते, कोवळ्या वेलीचा स्पर्श देवतेला सुखावतो आणि पुढे तीच वेल झाडाच्या मोठ्या फांद्या मोडते. आज सुखाचे, परिणामी दुःखाचे, अशा आचरणाची ही उपमा होय.

विद्यार्थी मित्रांनो, आता छाटणी. बहर ओसरल्यावर आंब्यावर गेलेल्या वेली खालीच धारदार कात्रीने तोडाव्यात. वरचा गुंता हिसकू नये, त्याने आंब्याच्या डहाळ्या मोडतात. तो वाळू द्यावा, मग तुकडे करून उतरवावा. मधुमालतीच्या जुन्या देठांचे काटे होतात, म्हणून हातमोजे हवेतच. मांडवावर ठेवायच्या फांद्या डोळ्याच्या किंचित वर कापाव्यात. मुळाशी धुमारे मात्र पुन्हा फुटतात. दर पौर्णिमेला विहारातून आल्यावर आपण ते पाहावेत आणि कोवळे असतानाच काढावेत.