कशात वीक, किती वीक?

द्वारका, नाशिक

चि. बाळ,


नोकरीचे पेढे पोचले आणि डब्यातली चिठ्ठीही. सातवीच्या वर्गातली निम्मी मुलं इंग्रजीत ‘वीक’ आहेत, त्यांचं काय करू, असं विचारलं आहेस. सांगतोच. पण त्याआधी तुला त्या शब्दाचंच काहीतरी करावं लागेल. इंग्रजीची बाई म्हणून रुजू झालीस, तर निदान इंग्रजी शब्द तरी नीट धरायला हवा.

आमचा द्वारका चौक तुझ्या पायाखालचा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे एकमेकांच्या अंगावर येतात. वरून उड्डाणपूल गेला तरी खालची गर्दी हटलेली नाही. अशा नाक्यावर गाड्या दुरुस्त करणारे असायचेच. गाडी सकाळी सेल्फ घेईना की मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतो, ‘‘बॅटरी वीक झाली.’’ पण तो तिथे थांबत नाही. मीटरच्या पिना लावतो. बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आत सहा सेल, प्रत्येकी दोनाच्या जरा वर. आकडा बाराच्या खाली गेला असेल तर ती नुसती उतरली आहे, चार्जिंगला लावली की उठेल. रात्रभर चार्ज करूनही दोन-एक व्होल्ट कमीच राहिले तर एक सेल गेला, मग बॅटरी बदला. आणि कधी बॅटरी ठणठणीत असते, फक्त टर्मिनलवर पांढरं चढलेलं असतं. घासून काढलं की गाडी चालू. कारणं तीन, उपाय तीन, शब्द एकच. मिस्त्री ‘वीक’ म्हणतो तेव्हा त्याची तपासणी सुरू होते. तू वहीत ‘वीक’ लिहितेस तेव्हा तुझी संपते. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं पत्र हा त्याचा विस्तार समज.

‘विकनेस आलाय, एक सलाईन लावून टाका’ म्हणणारा पेशंट कुठल्याही दवाखान्यात भेटतो. चांगला डॉक्टर लगेच बाटली टांगत नाही, विचारतो: थकवा आहे की हातापायातलं बळ गेलंय? थकवा असेल तर रक्त तपासायला पाठवतो. बाईमाणूस असेल तर हिमोग्लोबिन कमी निघायची शक्यता बरीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. बळ गेलं असेल तर स्नायूंना चक्क गुण देतात, शून्य ते पाच. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची ही मोजपट्टी जगभर चालते. शून्य म्हणजे स्नायू आखडतसुद्धा नाही. तीन म्हणजे हात वर उचलता येतो, पण कुणी दाबला तर टिकत नाही. पाच म्हणजे पूर्ण बळ. अर्धांगवायूच्या पेशंटचा हात दोनावरून तीनावर आला तर घरच्यांना कदाचित त्याचं मोल कळणार नाही, पण फिजिओथेरपिस्ट खूश होतो. कागदावर नुसतं ‘वीक’ असतं तर दोनही वीक, तीनही वीक, आणि मधली सगळी मेहनत कुणाच्या हिशेबात आलीच नसती. जुन्या पुलाच्या अलीकडे ‘कमकुवत पूल’ अशी पाटी लावतात, तिथेही किती टनांपर्यंतचं वाहन जाऊ शकेल ते लिहावंच लागतं.

शब्दाचं मूळ बघ. जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वेइकर’शी त्याचा संबंध आहे, अर्थ लवणारा, दाबाखाली वाकणारा. जर्मनमधला ‘वाइख’, म्हणजे मऊ, हा त्याच कुळातला. (आपल्या ‘वाकणे’शी नाद जुळतो म्हणून नातं जोडायला जाऊ नकोस, असल्या जुळवाजुळवीवर आपल्याकडे पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत.) वाकणारा म्हटलं की किती दाबाखाली, हे आलंच. म्हणून इंग्रजीत हे विशेषण ज्याला लागतं त्याप्रमाणे रंग बदलतं, आणि मराठीत आपल्याकडे त्या प्रत्येक रंगाला स्वतंत्र शब्द होता. चहा पाणचट, धागा कच्चा, नजर अधू, सबब लंगडी, वस्तू तकलादू, माणूस अशक्त, मन हळवं. आता या सगळ्यांच्या जागी एकटा ‘वीक’ बसवून आपण मोकळे झालो. ‘आंबा माझा विकनेस आहे’ म्हणणाऱ्याला तर आंबा आवडतो एवढंच म्हणायचं असतं. तुझी मुलं निबंधात ‘आय ॲम वीक’ लिहिताना दोन ‘ई’ लावून स्वतःचा आठवडा करतात, त्यावर हसून घे, पण घरी जाऊन विचार कर की सातवीतल्या पोराला इंग्रजीत स्वतःबद्दल हेच एक वाक्य का सुचावं.

शास्त्रात हा शब्द फार काटेकोर आहे. रसायनशास्त्रातलं वीक ॲसिड म्हणजे पाण्यात ज्याचे थोडेच रेणू आयन होतात ते. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड तसं, ०.१ मोलर द्रावणात त्याचा शंभरातला एखादा रेणू फुटतो. वीक म्हणजे पाणी घालून विरल केलेलं नव्हे, आणि वीक म्हणजे निरुपद्रवी तर नव्हेच. हायड्रोफ्लोरिक ॲसिड याच वीक गटातलं. ते काच खातं, आणि अंगावर सांडलं तर कातडीखाली शिरून हाडापर्यंत पोचतं. भौतिकशास्त्रातल्या ‘वीक’ बलावाचून सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम व्हायची पहिली पायरीसुद्धा चढता येत नाही. ही उदाहरणं विज्ञानाच्या बाईंकडून नीट समजून घे.

तुझ्या विषयातलं उदाहरण मात्र मी सोडणार नाही. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला याकोब हा मोठा भाषाशास्त्रज्ञ. १८१९ मध्ये त्याच्या जर्मन व्याकरणाचा पहिला भाग निघाला. ज्या क्रियापदांचा भूतकाळ पोटातला स्वर बदलून होतो, जसं सिंग-सँग-संग, त्यांना त्याने ‘स्ट्राँग’ म्हटलं. ज्यांना शेवटी प्रत्ययाचा टेकू लागतो, जसं वॉक-वॉक्ड, ती ‘वीक’. मग इंग्रजीत काय झालं? स्ट्राँग क्रियापदं घटत गेली. ‘हेल्प’चा भूतकाळ पूर्वी ‘होल्प’ होता, तो जाऊन ‘हेल्प्ड’ आला. नवीन क्रियापद जन्माला आलं की ते जवळजवळ नेहमी वीकच्या घरात जातं. गूगलचं ‘गूगल्ड’ झालं, स्वर बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. नियम सोपा म्हणून तो टिकला.

याचा तुझ्या लाल पेनाशी संबंध आहे. एक मुलगा ‘येस्टर्डे आय ईट’ लिहितो आणि दुसरा ‘येस्टर्डे आय ईटेड’. दोघांनाही तू फुली मारशील, दोघांनाही शून्य देशील, दोघंही वीक. पण दुसऱ्याला भूतकाळाचा नियम पक्का कळला आहे, फक्त या क्रियापदाचा अपवाद माहीत नाही. त्याला ‘एट’ एकदा सांगितलं की काम झालं. पहिल्याला अजून काळच दिसलेला नाही; त्याच्याबरोबर बसावं लागेल. इंग्रज पोरंही दोन-तीन वर्षांची असताना ‘ईटेड’ म्हणतात, ‘गो’चं ‘गोड’ करतात, आणि ते शिकण्याचं लक्षण मानलं जातं.

आणखी एक. इंग्रजीतल्या ‘टू’, ‘ऑफ’, ‘कॅन’, ‘अँड’ अशा बारक्या शब्दांचे बोलण्यात ‘वीक फॉर्म’ असतात; त्यांच्यातला स्वर विझून नुसता ‘अ’ उरतो. आपण वर्गात प्रत्येक शब्द छाती पुढे काढून म्हणतो. मग मुलं इंग्रजी सिनेमा किंवा क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतात, त्यांना ते शब्द सापडतच नाहीत, आणि ती समजतात की आपलं इंग्रजी वीक. त्यांचा कान धड आहे. त्याला तो आवाज कुणी दिलेलाच नाही. रोज पाच मिनिटं तू स्वतः तसं बोलून दाखव.

आता जरा जड विषय. आपल्या घरापासून जवळच, भाभानगरात, दादासाहेब गायकवाड सभागृह आहे. लग्नाकार्यांच्या नि कार्यक्रमांच्या पत्त्यापलीकडे त्या नावाकडे फारसं कुणी बघत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबरीने तो नाशकात उभा करणारे आणि पुढे वर्षानुवर्षं चालवणारे हे दादासाहेब. त्या काळी सरकारदरबारी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणत. बाबासाहेबांना ते नाव अपमानास्पद वाटे. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी ते बदलण्याची मागणी केली होती. १९३५ च्या कायद्याने ‘अनुसूचित जाती’ हा शब्द आणला. दुबळेपणाचं विशेषण कुणी कुणाला लावायचं, यावर इतकं भांडावं लागलं आहे.

राज्यघटनेच्या ४६ व्या कलमात ‘वीकर सेक्शन्स’ असा शब्द आहे. मराठीत आपण दुर्बल घटक म्हणतो. इंग्रजीत ते ‘वीक’ नाही, ‘वीकर’ आहे, तुलनेचं रूप. कोणापेक्षा, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे, आणि कलम लगेच पुढे राज्यावर जबाबदारी टाकतं: या लोकांचं शैक्षणिक आणि आर्थिक हित विशेष काळजीने जपा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांमधल्या २५ टक्के जागा आणि २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीतलं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं आरक्षण, दोन्हीकडे हाच शब्द आहे. त्या आरक्षणाच्या योग्य-अयोग्यतेची चर्चा घरी आलीस की करू. तुझ्या मामीचं आणि माझं त्यावर पटत नाही. शाळेत घेऊन जायची गोष्ट ही की कायद्यात हा शब्द आला की कुणाच्या तरी माथी काम येतं. वर्गात ते तुझ्या माथी आहे.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होतं. तरी ज्या मुलाच्या घरी, गल्लीत, दुकानात दिवसभरात एक इंग्रजी वाक्य पडत नाही, त्याला आठवड्याच्या मोजक्या तासांवर ते उभं करायचं असतं. तो वीक नसतो, ज्यांच्या घरी इंग्रजी पेपर येतो त्यांच्यापेक्षा वीकर असतो.

मग करायचं काय? ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून चालू आहे. तिची इंग्रजीची तपासणी एका कागदावर मावते: मूल मोठी अक्षरं वाचतं का, लहान अक्षरं वाचतं का, सोपे शब्द, सोपी वाक्यं. वाचलं तर अर्थ सांगता येतो का. एकेका मुलाला जवळ बसवायचं, वर्गासमोर उभं करायचं नाही. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत हे कर. मला खात्री आहे, तुझ्या ‘निम्म्या वर्गा’चे चार-पाच वेगळे गट पडतील. काही जण वाक्यं वाचतील आणि तुला धक्का बसेल. ते फक्त लिहिताना अडतात. काहींना फळाच दिसत नसेल. त्यांना चष्म्याची गरज आहे, व्याकरणाची नाही.

आणि ‘वीक’च्या शेजारचा ‘फॉल्टी’ हा शब्द तर मुलाच्या जवळपासही फिरकू देऊ नकोस. तो मीटरला लागतो, वायरला लागतो. मीटर फॉल्टी निघाला की बदलून देतात.

वहीत लिहिलेलं ते ‘वीक’ खोडून टाक आणि तिथे प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिही: काय येतं, आणि लगेच पुढचं काय यायला हवं. पालकसभेतही ‘तुमचा मुलगा वीक आहे’ म्हणू नकोस. पालक काम बुडवून आलेले असतात. घरी गेल्यावर ते शब्दाचा राग पोरावर काढतात आणि दुसऱ्या दिवशी चौकातल्या पहिल्या क्लासची फी भरतात. ‘शब्द वाचतो, वाक्यात अडतो, रोज दहा ओळी मोठ्याने वाचून घ्या’ असं सांग. ज्या आईला स्वतःला इंग्रजी येत नाही तीसुद्धा एवढं ऐकून घेऊ शकते. वही भरली की मला दाखवायला आण, आणि येताना पुणे रस्त्याने संध्याकाळी सहानंतर निघू नकोस.

तुझा,
मामा