आधी खडखड शोध, मग पाना घे

तू फोनवर सांगितलंस की जुन्या 407 ट्रकला बाजारचा सायलेन्सर बसवला, आवाज भारदस्त आला, पण कुठंतरी काहीतरी खडखडतंय. मिस्त्रीनं एक क्लॅम्प आवळून दिला, थोडे दिवस बरं चाललं आणि परत सुरू झालं. अरे, क्लॅम्प आवळून गप्प केलेली खडखड परत येणारच. एखादा तुकडा सैल झालाय किंवा कुठंतरी जागा कमी पडतेय, आणि ते कशामुळं हे कुणी बघितलेलंच नाही. कराडजवळ हायवेला गाड्यांखाली झोपून माझं आयुष्य गेलं. त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं सांगतो.

गाडी रात्रभर उभी ठेव आणि सकाळी गार असतानाच खाली शीर. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड, आणि चावी तुझ्या खिशात. चावी क्लीनरकडं द्यायची नाही, कितीही शहाणा असला तरी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जायचं नाही. खाली घोडी लावल्याशिवाय मान आत घालू नकोस.

आता शेवटचं नळकांडं हातात धर आणि वर-खाली, डावी-उजवीकडं हलव. ते थोडं झुललं पाहिजे. अख्खी लाइन रबरावर टांगलेली असते, तेव्हा झुलणं हा तिचा गुण आहे. झुलताना कुठं ‘ठक’ वाजलं तर तिथं थांब आणि बोटं घालून बघ. चॅसिस, आडवा मेंबर, डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, हौद्याचा बोल्ट, या सगळ्यांपासून पाइप दोन बोटं तरी लांब हवा. डिझेलच्या नळीबाबत तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलंय की एक्झॉस्ट पाइप 35 मिलिमीटरच्या आत येता कामा नये. मग सायलेन्सरच्या पोटावर मूठ मार. भरीव ‘धप’ आला तर ठीक. आत काही सुटं वाजलं, तर आतला पडद्याचा पत्रा किंवा जाळीची नळी टाक्यातून सुटलीय. त्यावर बाहेरून कितीही पट्ट्या मार, काही होणार नाही. सायलेन्सर फोडून जोडायचा किंवा बदलायचा. शेवटी उष्णता अडवायला लावलेल्या पातळ पत्र्यांवर नखानं टिचकी मार. बोल्टाजवळ गंजून भोक मोठं झालं की तो पत्रा झिणझिणतो. मोठा वायसर घातला की बहुतेक वेळा भागतं, आणि भोक फारच खाल्लं असेल तर वरून लांब होज-क्लिप आवळ. तो पत्रा काढून मात्र फेकू नकोस. त्याच्या वर वायरिंग असतं, रबरी नळ्या असतात.

हातानं काही सापडलं नाही तर तुझ्या ड्रायव्हरच्या खिशातली तंबाखूच्या चुन्याची डबी माग. जिथं जिथं पाइप टेकत असेल असा संशय आहे तिथं पाइपवर चुन्याचं बोट ओढ, वाळू दे, आणि गाडी खराब रस्त्यानं एक फेरी मारून आण. जिथला चुना घासून खालचं लोखंड चमकतंय तिथं टेकतंय. याच्याइतका खात्रीचा साक्षीदार मला दुसरा मिळाला नाही. जुन्या गाडीत तर चुन्याचीही गरज पडत नाही. सगळीकडं गंज आणि एकाच जागी रुपयाएवढी चकाकी दिसते.

गार गाडीत सगळं ठीक आणि खंबाटकी घाट चढून वर आलं की ठकठक, असं होत असेल तर कारण उष्णतेत आहे. लोखंड तापलं की लांबतं हे शाळेत शिकलास, आता हिशेब कर. मॅनिफोल्डपासून शेपटापर्यंत 3 मीटर पाइप धर. चढावर तो सरासरी 300 अंशांनी तापला तर साधारण एक सेंटिमीटर लांबतो. बाजारात ‘स्टेनलेस’ म्हणून 304 जातीचा पाइप देतात, तो दीड सेंटिमीटर लांबेल, कारण तो साध्या पोलादापेक्षा जास्त फुगतो. पुढचं टोक इंजिनाला धरलेलं आहे, म्हणजे ही सगळी वाढ मागं सरकते. गार असताना मेंबरपासून बोटभर लांब असलेला बाक तापल्यावर थेट जाऊन बसतो. म्हणून बसवतानाच हँगरची रबरं जरा इंजिनाकडं झुकलेली ठेवायची. तापल्यावर ती सरळ होतात. गार असताना सरळ ठेवली तर चढावर ती मागं ताणली जातात आणि काही महिन्यांत तुटतात. रबर तुटलं की लोक तारेनं बांधतात. तार रबराचं काम करत नाही. इंजिनाची सगळी थरथर ती चॅसिसला आणि तिथून केबिनला पोचवते.

आवळण्याचाही क्रम आहे. सगळे क्लॅम्प आधी हातानं बसवायचे, लाइन कुठं टेकत नाही ना ते बघायचं, आणि मग इंजिनाकडून मागं एकेक आवळत जायचं. मागचं टोक आधी आवळलं तर पुढच्या जोडात पीळ राहतो. तो पीळ आज दिसत नाही. पुढं कधीतरी वेल्डजवळ चीर होऊन बाहेर पडतो. पहिली तापलेली फेरी झाली की गाडी पूर्ण गार होऊ दे आणि सगळे नट पुन्हा एकदा बघ. नवं गास्केट तापून दबतं, म्हणून ते नट सैल झालेले सापडतात.

तुझ्या मिस्त्रीनं मधला फ्लेक्सिबल तुकडा काढून सरळ पाइप वेल्ड केला असेल, तर तो आधी परत लाव. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. क्लच सोडताना ते एका बाजूला कलतं, रेस सोडली की परत येतं. हे हलणं फ्लेक्सिबल खातो. तो नसला की सगळा जोर मॅनिफोल्डच्या स्टडवर येतो. आणि फक्त क्लच सोडताना किंवा इंजिन बंद करतानाच ठकठक होत असेल तर सायलेन्सर सोड, इंजिनाची माउंटिंग बघ. रबर बसलेलं असेल तर इंजिन गरजेपेक्षा जास्त कलतं आणि पाइप जाऊन आपटतो. अशा गाड्यांत लोक पाइप वाकवत बसतात. दुखणं इंजिनाखाली असतं.

उभ्या गाडीत आवाज शोधताना एकानं केबिनमध्ये बसायचं आणि रेस हळूहळू, अगदी हळूहळू वाढवायची. चार सिलिंडरचं इंजिन 750 फेऱ्यांवर सेकंदाला 25 ठोके देतं, 2400वर 80. प्रत्येक पत्र्याची, प्रत्येक पट्टीची स्वतःची एक थरथर असते. ठोके तिच्याशी जुळले की ती वाजते, पुढं गेले की गप्प होते. म्हणून आवाज कुठल्या फेऱ्यांवर येतो आणि कुठं जातो हे खडूनं बोनेटवर लिहून ठेव. ठरावीक फेऱ्यांवरच येणारा आवाज बहुतेक वेळा पातळ पत्र्याचा किंवा सुट्या ब्रॅकेटचा असतो. त्या फेऱ्यांवर रेस धरून ठेवायला सांग आणि बाहेरून लाकडाच्या लांब काठीनं एकेक पत्रा दाबत जा. ज्याच्यावर काठी टेकवल्यावर आवाज थांबला तो चोर. हातानं दाबू नकोस, भाजशील. मोठ्या गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक असतो. त्याच्या आतली फुलपाखरासारखी चकती झिजून ढिली झाली की मंद चालीवर खुळखुळते, आणि लोक सायलेन्सर बदलून मोकळे होतात.

टिकटिक वेगळी. सकाळी गार इंजिनावर जोरात, आणि गाडी तापली की कमी, असं असेल तर मॅनिफोल्डच्या गास्केटमधून गॅस निघतोय. तापून फुगल्यावर फट मिटते म्हणून आवाज दबतो. तिथं काळी काजळी दिसेल. ही गोष्ट आवाजाच्या हिशेबात धरू नकोस, जिवाच्या हिशेबात धर. जोडातून निघालेला धूर केबिनच्या फटींतून आत येतो, आणि थंडीत इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपणारे ड्रायव्हर आपल्याकडं कमी नाहीत. गळती असलेली गाडी माल घेऊन रात्री बाहेर पाठवायची नाही, भाडं गेलं तरी चालेल.

सायलेन्सरची वाटून फसवणाऱ्या खडखडी मी ढिगानं बघितल्या. स्टेपनीची साखळी, फाळक्याची कडी, बॅटरीच्या पेटीचं झाकण, टाकीची पट्टी, टूलबॉक्समधला जॅक, पाट्याच्या शॅकलचा झिजलेला बुश, हे सगळे गाडीखालूनच वाजतात आणि केबिनमध्ये एकाच दिशेनं आल्यासारखे वाटतात. उभ्या गाडीत रेस देऊन आवाज येतच नाही आणि खड्ड्यात येतो, तर एक्झॉस्टमागं लागण्याआधी हे सगळं तपास. एका वेळी एकच गोष्ट बांध किंवा काढ, आणि फेरी मार. तीन गोष्टी एकदम आवळल्या तर आवाज कशानं थांबला ते कळणार नाही, आणि परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता त्या भारदस्त आवाजाबद्दल. बाजारच्या सायलेन्सरमध्ये बहुतेक एक सरळ भोकाची नळी आणि भोवती काचेची लोकर असते. लोकर उडून गेली की आवाज महिन्यागणिक वाढत जातो. आज झकास वाटतो तो पुढच्या हंगामात केबिनमध्ये घुमायला लागेल. हायवेच्या एका ठरावीक वेगाला तो घुमारा तासन्‌तास डोक्यात बसतो. सतत 85 डेसिबलच्या वर आठ-आठ तास कान राहिले तर ऐकू येणं हळूहळू कायमचं कमी होतं. माझ्या बरोबरीचे कितीतरी ड्रायव्हर आज टीव्ही मोठा लावून बसतात. आणि त्या घुमाऱ्याखाली चाकाच्या बेअरिंगचं रडणं, टायरातून सुटणारी हवा, मागून आलेल्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा, हे काही ऐकू येत नाही. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 190(2) खाली आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स गेलं. लायसन्स गेलं तर हप्ता कोण भरणार?

बीएस 6 गाडी घेशील तेव्हा तर सायलेन्सरला हातच लावू नकोस. 1 एप्रिल 2020पासून आलेल्या या गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, युरिया फवारणारी यंत्रणा आणि सेन्सर सगळं त्याच लाइनीत असतं. तिथं कापाकापी केली की दिवे पेटतात आणि इंजिनाची ताकद उतरते. तुझी 407 जुनी आहे, म्हणून एवढं बोलतोय.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढ, आल्टरनेटरची वायरही सोडव. आणि शेपटाचं तोंड टायरकडं, टाकीकडं किंवा मालाकडं येत नाही ना, ते बघ. कडबा, पाचट, कापूस असला माल भरलास तर लोंबणारी प्रत्येक काडी तापलेल्या सायलेन्सरपासून लांब हवी. रस्त्यात उभं राहायचं ते वाळक्या गवतावर नको. भर रस्त्यात पेटलेली कडब्याची गाडी मी बघितलीय. विझवायला माणसं खूप जमली, पण पाणी नव्हतं.

माझं मत विचारशील तर कंपनीचाच सायलेन्सर परत लाव. तुझं मन होत नसेल तर निदान आत पडदे असलेला, जाड पत्र्याचा घे, आणि फ्लेक्सिबल व रबरं नवी टाक. रविवारी गाडी इकडं आणणार असशील तर शनिवारी रात्रीच दारात लावून जा. कराडपर्यंत चालवत आणलेल्या गरम गाडीवर मी हात ठेवणार नाही.