उद्यानातील सहल आणि कीटकदंश

नागपूर शहर आणि परिसर वृक्षराजीने नटलेला आहे. महाराजबाग, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स ही जुनी विहारस्थळे तर आहेतच. त्यांत २६ जानेवारी २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या गोरेवाडा येथील बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाची भर पडली आहे. शालेय सहली, कार्तिकातील आवळीभोजन, पावसाळ्यातील वनभोजन या निमित्तांनी हजारो मुले व कुटुंबे मोकळ्या हवेत दिवस घालवितात. निसर्गाच्या सान्निध्यातील हा आनंद निर्धोक राहावा यासाठी तेथे आढळणारे दंश करणारे जीव, त्यांच्यापासून उद्भवणारे विकार आणि करावयाची उपाययोजना यांची माहिती शिक्षक, लोकप्रतिनिधी व पालक यांना असणे अगत्याचे आहे.

नागपूरचा पूर्वानुभव

कीटकजन्य रोगांच्या इतिहासात नागपूरचे नाव ठळकपणे नोंदले गेले आहे. १९६५ साली येथे तापाची मोठी साथ आली होती. तीत डासांमार्फत पसरणाऱ्या चिकुनगुन्या व डेंग्यू या रोगांचे विषाणू आढळले. त्याच वेळी तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) एक अपरिचित विषाणू वेगळा केला. त्याला 'चंदिपुरा' हे येथील स्थळाचे नाव देण्यात आले. हा विषाणू मुख्यत्वे वाळूमाशीच्या दंशातून पसरतो. प्रारंभी तो फारसा घातक मानला जात नव्हता. परंतु २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने आजारी पडलेल्या ३२९ बालकांपैकी १८३ बालके दगावली आणि त्या साथीशी या विषाणूचा संबंध दिसून आला.

गवतातील अदृश्य शत्रू

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भातील अन्य भागांत स्क्रब टायफस या रोगाचे अनेक रुग्ण आढळले व काही दगावले. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवरील सैनिकांनाही या रोगाने ग्रासले होते. नामसाम्यामुळे याची टायफॉइडशी गल्लत होते. प्रत्यक्षात दोहोंचा संबंध नाही.

हा रोग पसरविणारा 'चिगर' हा काटेकोर अर्थाने कीटक नव्हे. तो गोचिडीच्या कुळातील एका सूक्ष्म जीवाची अळी होय. तिची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी असल्याने ती सहसा दृष्टीस पडत नाही. उंदीर-घुशींचा वावर असलेल्या झुडपांत व गवतात ती जमिनीलगत वाट पाहत असते. माणूस तेथे बसला वा लोळला की ती कपड्यांवर चढते आणि कंबर, काख, जांघ अशा झाकलेल्या जागी त्वचेला चिकटते. दंश बहुधा जाणवतही नाही.

दंशानंतर साधारणतः दहा-बारा दिवसांनी, क्वचित तीन आठवड्यांपर्यंत, थंडी वाजून ताप येतो. डोके व अंग दुखते. दंशाच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नसल्याने रुग्णाच्या ध्यानात येत नाही, आणि प्रत्येक रुग्णात ती आढळतेच असेही नाही. खरी अडचण येथेच आहे. ताप येतो तोवर सहल विस्मरणात गेलेली असते. हिवतापाची तपासणी निर्दोष येते आणि मोलाचे दिवस वाया जातात. उपचार लांबल्यास फुफ्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो. याउलट डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन ही सहज मिळणारी औषधे वैद्यकीय सल्ल्याने वेळीच दिल्यास बहुसंख्य रुग्ण लवकर बरे होतात. या रोगावर लस उपलब्ध नाही. तसेच तो एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही.

डास व मधमाश्या

डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो. म्हणून सहलीतही त्याच्यापासून जपले पाहिजे. नारळाच्या करवंट्या, फेकलेले पेले, टायर यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात त्याची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. सहलीला जाणाऱ्यांनी मागे टाकलेला कचराच पुढील मंडळींना बाधतो, हे मुलांना आवर्जून सांगावे.

उंच वृक्षांवरील आग्या मोहोळाला धूर, दगड वा गलका यांनी डिवचू नये. माश्या उठल्यास हातवारे न करता चेहरा झाकून त्वरेने दूर जावे व बंद खोलीत वा वाहनात शिरावे. त्वचेत रुतलेली नांगी नखाने खरवडून ताबडतोब काढावी, कारण तीतून काही काळ विष उतरत राहते. नंतर थंड पाण्याची पट्टी ठेवावी. श्वास लागणे, ओठ वा घसा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसल्यास अथवा दंश अनेक असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शिक्षक व पंचायतींचे कर्तव्य

सहलीस जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे व बूट असावेत. गवतावर थेट न बसता सतरंजी अंथरावी; कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत. उघड्या त्वचेवर कीटकरोधक मलम वेष्टनावरील सूचनांनुसार लावावे. घरी परतताच साबणाने स्नान करावे व कपडे गरम पाण्यात धुवावेत.

ग्रामपंचायतींनी शाळा व वस्तीलगतचे गवत कापून घ्यावे, उंदरांचा बंदोबस्त करावा आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. भिंतींच्या भेगा बुजविल्यास व गोठ्यातील शेण नियमित उचलल्यास वाळूमाशीला थारा राहत नाही.

प्रत्येक शाळेने सहलीची तारीख व स्थळ नोंदवून ठेवावे आणि त्यानंतर तीन आठवडे विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीकडे लक्ष द्यावे. ताप आलेल्या मुलाच्या पालकांनी "मूल अमुक दिवशी रानात गेले होते" एवढे एक वाक्य प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितले, तरी निदानाची दिशा मिळते. त्या एका वाक्याने एखादे मूल वाचू शकते.