सहीपूर्वीच निघण्याचा हिशेब

तागा पुरता उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही कापडवाले सौदा करीत नाही. उतारवयात घर घेताना मात्र पुष्कळजण माहितीपत्रकातील चित्रे पाहूनच सही करतात. या दृष्टीने न्यूझीलंडमधील निवृत्तांच्या वसाहतींचा करारनामा अभ्यासण्यासारखा आहे.

तेथे वृद्ध मोठी रक्कम भरतात, पण बहुधा घराचे मालक होत नाहीत. मिळतो तो फक्त राहण्याचा हक्क. घर सोडल्यावर किंवा मृत्यूनंतर त्या रकमेतून साधारणपणे २० ते ३० टक्के कापले जातात. समजा ५ लाख डॉलर भरले आणि कपात ३० टक्के, तर परत साडेतीन लाख. घराचा भाव वाढला तरी नफा बहुधा चालकाचा. तीही रक्कम पुष्कळदा नवा रहिवासी आल्यावरच हाती पडते; आजारपणात तर पैसा आधी हवा असतो.

तेथील २००३ च्या कायद्याने दोन आधार दिले आहेत. सहीपूर्वी ग्राहकाच्या स्वतंत्र वकिलाने करार समजावून सांगून तसे लिहून द्यावे लागते. सहीनंतरही कामकाजाच्या १५ दिवसांत करार रद्द करता येतो.

वाचकहो, करार कोणत्याही देशातला असो, वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा: निघताना किती मिळेल आणि केव्हा? उत्तर ऐकताना वारसांनाही शेजारी बसवावे.