भूकंपाची भीति व ख्रिस्ताची शांति

(शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १६:२५-३४, लूक १३:१-५, स्तोत्र ४६)

आमच्या लातूर व नांदेड ह्या जिल्ह्यांतील खेड्यांत एक भीति अशी आहे कीं तिचें नांवही घ्यावें लागत नाहीं. रात्रीं माळवदावर मांजर उडी मारतें, चुलीपाशीं भांडें पडतें, दूर रस्त्यावरून जड गाडीचा घरघराट येतो, आणि निजलेलें माणूस दचकून उठतें व दाराकडे धांवतें. उपासनेस येणाऱ्या मंडळींतही अशीं माणसें आहेत. म्हणून ह्या भीतीविषयीं शास्त्राच्या प्रकाशांत विचार करावा असें आम्हांस वाटलें.

ही भीति उगाच आलेली नाहीं. ता. २९ सप्टेंबर १९९३ रोजीं अनंत चतुर्दशी होती. गणपतींचें विसर्जन करून गांवें उशिरां निजलीं. दुसऱ्या दिवशीं, गुरुवारीं, पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं औसा तालुक्यांतील किल्लारी व त्या वेळच्या उमरगा तालुक्यांतील सास्तूर ह्या भागांत सुमारें ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. थोड्या क्षणांत गांवेंच्या गांवें भुईसपाट झालीं व जवळ जवळ १०,००० माणसें मरण पावलीं. जीं वांचलीं त्यांच्यावर लगेच जोराचा पाऊस कोसळला. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. पण पुष्कळांस दगडी भिंतीच्या आड निजण्याचा धीर कित्येक दिवस झाला नाहीं. नांदेडकरांनाही हें दुःख परकें नाहीं. सन २०२४ मध्यें २१ मार्च व १० जुलै ह्या दोन दिवशीं सकाळीं हिंगोलीच्या बाजूस सुमारें ४.५ तीव्रतेचे धक्के झाले, ते नांदेडपर्यंत जाणवले, आणि किल्लारीची आठवण लोकांच्या मनांत पुन्हां जागी झाली.

अशा वेळीं तीन चुकीच्या समजुती मनांत शिरतात. त्या आधीं दूर केल्या पाहिजेत.

पहिली समजूत अशी कीं, ज्या गांवावर संकट आलें तें गांव अधिक पापी असलें पाहिजे. प्रभूच्या काळींही लोक असेंच बोलत. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं यरुशलेमांतील इतरांपेक्षां अधिक अपराधी नव्हतीं, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें. आणि ऐकणाऱ्यांनीं मेलेल्यांचा न्याय न करितां स्वतः पश्चात्ताप करावा, अशी ताकीद दिली. ज्या आईचें लेंकरूं ढिगाऱ्याखालीं गेलें, तिच्यापुढें 'हें पापाचें फळ' असें म्हणणारा मनुष्य प्रभूच्या शिकवणीविरुद्ध बोलतो.

दुसरी समजूत अशी कीं, विश्वास धरला म्हणजे आपल्या घराची भिंत पडणार नाहीं. असें वचन देवानें कोठेंही दिलेलें नाहीं. पौल स्वतः देवाचा सेवक असून त्यानें छड्या खाल्ल्या, त्याचें गलबत फुटलें, व तो तुरुंगांत पडला. भूकंप धर्म किंवा जात विचारीत नाहीं. जो उपदेशक ह्याच्या उलट सांगेल, तो पहिल्याच धक्क्यांत आपल्या लोकांचा विश्वास मोडील.

तिसरी समजूत अफवांची. 'अमुक रात्रीं भूमि पुन्हां हालणार' असें कोणी उठवितो व सारें गांव रात्रभर बाहेर बसतें. भूकंपाचा दिवस व घटका आधीं सांगण्याची विद्या आजही कोणापाशीं नाहीं. म्हणून अशी बातमी कानीं आली तर ख्रिस्ती माणसानें ती पुढें पसरवूं नये.

मग विश्वासानें मिळतें तें काय? ह्याचें उत्तर फिलिप्पैच्या तुरुंगांत सांपडतें. पौल व सीला ह्यांच्या पाठी फटक्यांनीं फाटल्या होत्या, पाय खोड्यांत होते, आणि मध्यरात्रीं ते प्रार्थना करून स्तोत्रें गात होते. इतक्यांत मोठा भूकंप झाला. तुरुंगाचे पाये डळमळले, दारें उघडलीं, बंधनें सुटलीं. बंदिशाळेचा नायक जागा झाला. कैदी पळाले असें समजून त्यानें स्वतःस मारण्याकरितां तरवार उपसली. त्या काळोखांत पौलानें काय केलें? तो पळाला नाहीं. आम्ही सर्व येथेंच आहों, स्वतःला इजा करूं नकोस, अशी त्यानें मोठ्यानें हांक मारली. ज्यानें त्याचे पाय खोड्यांत घातले, त्याचाच जीव त्यानें वांचविला.

येथें आम्हांस मुख्य बोध होतो. भूमि दोघांच्याही पायांखालीं सारखीच हालली. परंतु भीतीनें नायकास आपल्या नाशाखेरीज दुसरें कांहीं दिसेना. पौलाच्या मनांत शांति होती, म्हणून त्याला दुसऱ्याचा जीव दिसला. शांति म्हणजे भूमि हालणार नाहीं अशी खात्री नव्हे. भूमि हालली तरी आपण ज्याच्या हातीं आहों तो हालत नाहीं, ही खात्री होय. स्तोत्र ४६ चा कर्ताही डोंगर ढासळण्याची गोष्ट मनांत आणितो आणि तरी देवास आश्रय मानून निर्भय राहतो. पुढें तो नायकही बदलला. त्यानें विश्वास ठेविला, त्याच रात्रीं पौल व सीला ह्यांच्या जखमा धुतल्या, बाप्तिस्मा घेतला, व त्यांना घरीं नेऊन जेवूं घातलें.

ही शांति मिळाली म्हणजे मनुष्य हात जोडून स्वस्थ बसत नाहीं. किल्लारीकडे बहुत माणसें मेलीं तीं घरांमुळें. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावरील मातीचा जड थर हींच त्यांच्या अंगावर आलीं. तेव्हां माळवदावरील माती कमी करावी; भिंत बांधतांना तिच्या आरपार जाणारे लांब दगड मधून मधून घालावे, म्हणजे भिंतीचे दोन पदर सुटे होत नाहींत; व दारांच्या वरून चारी भिंतींस बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा घालावा. असें करणें हा अविश्वास नव्हे. देवानें दिलेल्या बुद्धीनें आपल्या लेंकरांचा सांभाळ करणें हें ईश्वरसेवेंतच मोडतें.

आणखी एक विनंती. ज्या भगिनीनें ती पहांट पाहिली व जी अजूनही आवाज होतांच थरथरते, तिला 'तुझा विश्वास कमी' असें कोणीं म्हणूं नये. शरीराचें थरथरणें पाप नव्हे; गेथशेमानेंत प्रभूचाही जीव व्याकुळ झाला होता, आणि त्यानें आपल्या शिष्यांस जवळ राहून जागावयास सांगितलें होतें. तिच्याजवळ बसावें, तिची हकीकत पुन्हां पुन्हां ऐकावी, तिच्यासह प्रार्थना करावी. पौलाची ती हांक आज आमच्या मुखानें तिच्या कानीं पडली पाहिजे : आम्ही येथें आहों.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. शिलोहाच्या बुरुजाविषयीं प्रभूनें काय शिकविलें?
२. पौल व बंदिशाळेचा नायक ह्यांच्यांत त्या रात्रीं काय फरक होता?
३. आपल्या गांवांत कोणाचें घर धोक्याचें आहे? तें नीट करण्यास मंडळी कशी मदत करील?
४. भीतीनें ग्रासलेल्या कोणाकडे आपण ह्या आठवड्यांत जाल?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या पायांखालची भूमि तुझी आहे आणि आम्हीही तुझे आहों. काळोखांत आम्हांस धीर दे, आणि आमच्या शेजाऱ्यास हांक मारण्यास आमचें तोंड उघड. आमेन.